नाकारलेले पोते कोठे जाते?

(साहाय्यक मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या आरोग्य विभागातील प्रयोगशाळा-सेविकेने केलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



मी डॉक्टर नाही आणि उपदेशकही नाही. माझी सगळी नोकरी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि कागदावर निकाल लिहायचा, एवढेच माझे काम. गेल्या काही वर्षांत त्यात दोन वस्तूंची भर पडली आहे, धान्य आणि दूध. ती का पडली आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे सांगण्यासाठी मला बोलावले आहे.

सुरुवात लेवीयच्या चौदाव्या अध्यायापासून करते. हा अध्याय आपण फारसा वाचत नाही. त्यात घराच्या भिंतीवर पडलेल्या चट्ट्याचे नियम आहेत. भिंतीत हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घरमालकाने जाऊन याजकाला सांगायचे. याजकाने येऊन पाहायचे, घर सात दिवस बंद करायचे आणि सातव्या दिवशी पुन्हा येऊन पाहायचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून नगराबाहेर टाकायचे आणि त्या जागी दुसरे दगड बसवायचे. तो चट्टा म्हणजे बुरशी असावी, असे अनेक अभ्यासक म्हणतात.

त्यात तीन कामे आहेत. नीट तपासणे, खराब निघाले ते बाहेर टाकणे, आणि रिकाम्या जागी चांगले बसवणे. ही तीन कामे कृपा करून लक्षात ठेवा. आम्ही बराच काळ पहिलेच काम करत राहिलो आणि आपण पुष्कळ केले असे समजत राहिलो.

१९७४ चा मका

राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल हे तेव्हाचे शेजारी जिल्हे. आपल्या सातपुड्यातील भिल्ल बांधवांचेच भाऊबंद तेथे राहतात आणि त्यांचेही पोट मक्याच्या भाकरीवर भरते. १९७४ साली तेथे आधी पावसाने ताण दिला. मग कणसे कापणीला आली तेव्हा अवेळी पाऊस पडला आणि कणसे भिजली. मका वाळवायला आणि साठवायला कोरडी जागा नव्हती, म्हणून ओलसर मकाच घरात भरला गेला.

काही आठवड्यांत लोक आजारी पडू लागले. भूक मरायची, उलट्या व्हायच्या, मग कावीळ दिसायची आणि पोटात झपाट्याने पाणी व्हायचे. दीडशेहून अधिक गावांत ३९७ माणसे आजारी पडली. त्यांतली १०६ दगावली.

कावीळ म्हटली की ती पाण्यातून आलेली साथीची कावीळ असेल, असे कोणालाही वाटेल. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. त्याच घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडून मेली होती. माणसाची साथीची कावीळ कुत्र्याला होत नाही. माणूस आणि कुत्रा या दोघांच्या पोटात एकच वस्तू जात होती, ती म्हणजे मक्याची भाकर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्या घरांतला मका तपासला आणि १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आज आपल्या देशात धान्यासाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. हिशेब केला तर तो मका या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता.

बंधुभगिनींनो, या १०६ जणांपैकी कोणी काही वावगे खाल्ले नव्हते. स्वतः पेरलेले, स्वतः कापलेले आणि घरच्या बाईने थापलेले अन्न त्यांनी खाल्ले होते.

हे विष आहे तरी काय?

दमट जागी ठेवलेल्या मक्यावर किंवा शेंगदाण्यावर पिवळसर हिरवी भुकटी धरते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ती ॲस्परजिलस फ्लेवस जातीची बुरशी असू शकते. ही बुरशी वाढताना जे विष तयार करते त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते जगाला कळले १९६० मध्ये. इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या एकाएकी मेल्या आणि शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडले.

ही बुरशी नेहमी कणगीतच लागते असे नाही. दाणा भरताना पाण्याचा ताण पडला, ऊन फार झाले किंवा अळीने दाणा पोखरला, तर ती शेतातच शिरते. नंतर ओलावा मिळाला की कणगीत फोफावते. ताण आणि पाठोपाठ अवेळी पाऊस, असे १९७४ साली झाले होते. आता हे आपल्याला दर दोन-चार वर्षांनी दिसू लागले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बुरशी झटकता येते, विष झटकता येत नाही. दाणा धुऊन, वाळवून, दळून पीठ पांढरे दिसले तरी विष त्यात राहू शकते. तव्याच्या उष्णतेने ते पुरेसे नाहीसे होत नाही. दूध उकळले तरी दुधातले विष जात नाही. आपल्या आयाबायांना शिकवलेला सगळ्यात जुना उपाय म्हणजे चांगले शिजवून खा. तो येथे चालत नाही, हे सांगताना मलाच अवघड वाटते.

तिसरी गोष्ट, सगळेच लोक १९७४ सारखे एकदम मरत नाहीत. बहुतेक ठिकाणी हे विष थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात जाते आणि यकृताला धरते. मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात जागतिक संस्थेने त्याची नोंद केली आहे. ज्याच्या अंगात हिपॅटायटिस-बी चा विषाणू आहे त्याला यकृताच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून आमच्या सेविका पाड्यावर जातात तेव्हा मक्याबरोबर बाळाच्या हिपॅटायटिस-बी लशीचीही चौकशी करतात.

पंगतीतले पाट

हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही, मग ते मोजायचे कसे? पूर्वी त्यासाठी शहरातली मोठी प्रयोगशाळा लागे. नमुना पाठवायचा आणि निकालाची वाट पाहायची. निकाल येईपर्यंत पोते संपलेले असे. आता प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचण्या आल्या आहेत आणि त्यांतली एक पट्टी तर पाड्यावर झाडाखाली बसून करता येते.

प्रतिपिंड म्हणजे आपल्या रक्तातले पहारेकरी. शरीरात परके काही शिरले की शरीर त्याला ओळखणारे पहारेकरी तयार करते. अफ्लाटॉक्सिनचा कण मात्र इतका लहान की शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून शास्त्रज्ञ तो कण एका मोठ्या प्रथिनाला जोडून ससा किंवा उंदीर यांना टोचतात. मग त्या प्राण्याच्या शरीरात अफ्लाटॉक्सिन ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती वापरून ‘एलायझा’ नावाची चाचणी करतात. स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन या दोघांनी १९७१ मध्ये एलायझाची पद्धत मांडली. त्याच सुमारास हॉलंडमध्येही तशीच पद्धत निघाली. आपल्याकडे हैदराबादजवळ पाटणचेरू येथे ‘इक्रिसॅट’ ही शेती संशोधन संस्था आहे. तिने अफ्लाटॉक्सिनसाठी कमी खर्चाची एलायझा चाचणी तयार केली. आफ्रिकेतील मलावीच्या लहान शेतकऱ्यांच्या संघाने तीच चाचणी वापरून आपला शेंगदाणा परदेशात विकला.

चाचणी कशी चालते, हे आमच्या सेविकांना मी लग्नाच्या पंगतीवरून समजावते. समजा पंगतीत शंभरच पाट मांडले आहेत. हे पाट म्हणजे प्रतिपिंडे. यजमानाने आपले शंभर पाहुणे लाल फेटे बांधून तयार ठेवले आहेत. हे म्हणजे चाचणीबरोबर आलेले, रंगाची खूण लावलेले अफ्लाटॉक्सिन. आपण नमुना घातला की त्यातले विष म्हणजे बिनफेट्याचे आगंतुक. दोघेही पाटांवर बसायला धावतात. ज्याला पाट मिळाला तो बसला, बाकीच्यांना आपण धुऊन बाहेर काढतो. मग पंगतीकडे पाहायचे. सगळीकडे लाल फेटे दिसले तर आगंतुक नव्हते, म्हणजे धान्य चांगले. फेटे थोडेच दिसले तर पाट आगंतुकांनी बळकावले, म्हणजे धान्यात विष आहे.

म्हणून या चाचणीत रंग जितका गडद तितके धान्य निर्धोक आणि रंग जितका फिका तितके विष जास्त. एलायझाच्या ताटलीत ९६ लहान वाट्या असतात, त्यांत रंग यंत्राने मोजतात. पट्टीवर दोन रेषा असतात. एक रेषा पट्टी ठीक आहे एवढेच सांगते. ती उमटली नाही तर पट्टी फेकून द्यायची. दुसरी रेषा उमटली तर धान्य मर्यादेच्या आत आणि उमटली नाही तर धान्यात विष.

आमच्या चुका

येथेच आमची पहिली चूक झाली. आमच्या सेविका वर्षानुवर्षे हिवतापाची पट्टी वापरत आल्या आहेत. तेथे दुसरी रेषा उमटली की आजार आहे. येथे बरोबर उलटे. पहिल्या हंगामात एका चांगल्या, अनुभवी सेविकेने दोन रेषा पाहून एका घराला “तुमचा मका खराब आहे” असे सांगितले आणि दुसऱ्या घरी एकच रेषा पाहून “काही नाही, खुशाल खा” म्हणाली. संध्याकाळी वहीतल्या नोंदी पाहताना माझ्या ते लक्षात आले. आम्ही दोघी कंदील घेऊन परत गेलो. चूक तिची नव्हती. शिकवताना हा फरक मी पुरेसा ठासून सांगितला नव्हता. आता प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: “रेषा दिसली, भाकर खा. रेषा नाही, थांबा.”

दुसरी चूक माझी एकटीची. एका पोत्याच्या वरून मी मूठभर मका घेतला, तपासला आणि चांगला म्हणून लिहून दिले. दोन आठवड्यांनी त्याच घरी पोत्याचा तळ उघडला तेव्हा दाणे हिरवे पडलेले. पुन्हा तपासले तर रेषेचा पत्ता नाही. या विषाची खोड अशी की ते सगळीकडे सारखे पसरलेले नसते. पोत्यात हजारो दाणे स्वच्छ असतात आणि थोड्याच दाण्यांत सगळे विष भरलेले असते. ते दाणे तुमच्या मुठीत आले नाहीत तर चाचणी कितीही महागाची असो, तिचा निकाल खोटा. म्हणून आता पोत्याच्या वरून, मधून, तळातून आणि चारी बाजूंनी थोडे थोडे घेतो. ते सगळे एकत्र दळतो, नीट कालवतो आणि त्यातून तपासणीचा चमचा भरतो. पट्टीला काही मिनिटे लागतात, नमुना घ्यायला अर्धा तास. खरे काम त्या अर्ध्या तासात आहे.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, पण ती लक्षात ठेवावी लागते. ही पट्टी फक्त अफ्लाटॉक्सिन ओळखते. बुरशीची इतर विषेही असतात. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तेथे फ्युमोनिसिन नावाचे दुसरेच विष होते. म्हणून पट्टी चांगली निघाली तरी बुरशी दिसणारा दाणा खायचा नाही, हा नियम आम्ही सोडत नाही.

“संध्याकाळी पोरांना काय घालू?”

आता ज्या गोष्टीसाठी मी खरोखर उभी आहे ती सांगते.

डोंगरातल्या एका पाड्यावर एक आजी आपल्या तीन नातवंडांबरोबर राहते. मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. त्या वर्षी कापणीच्या वेळी पाऊस आला होता. आजीच्या बांबूच्या कणगीतला मका आम्ही रीतीप्रमाणे चारी बाजूंनी घेतला, दळला, तपासला. रेषा उमटली नाही. दुसरी पट्टी लावली, तीही तशीच. मी आजीला सगळे समजावून सांगितले. यकृत, कावीळ, मुलांना धोका, काहीच सोडले नाही. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “ताई, तुझी पट्टी खरं बोलत असेल. पण संध्याकाळी पोरांना काय घालू, ते पट्टीत लिहिलंय का?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या पिशवीत पट्ट्या होत्या, हातमोजे होते, माहितीपत्रके होती. धान्य नव्हते. आम्ही निघालो तेव्हा ती सूप घेऊन बसली होती आणि हिरवे दाणे एकेक करून काढत होती. त्या संध्याकाळी त्या घरात त्याच मक्याची भाकर झाली असणार.

रात्रभर मला १९७४ ची गावे आठवत राहिली. तेथे पट्टी नव्हती, म्हणून कोणाला कळले नाही. येथे पट्टी होती आणि कळलेही. भाकर मात्र तीच राहिली. आम्ही फक्त आजीच्या जेवणात भीती कालवून आलो होतो.

२००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात अशीच मोठी साथ आली. ओलसर साठवलेल्या मक्याने ३१७ माणसे आजारी पडली आणि १२५ मेली. तेथे घरोघरचा आणि बाजारातला मका तपासून दूषित मका काढून घेण्यात आला, त्याबरोबर लोकांना दुसरे धान्य देण्यात आले. हे वाचले तेव्हा मला आमची चूक स्पष्ट दिसली. लेवीयच्या त्या अध्यायातले दगड काढण्याचे काम आम्ही करू पाहत होतो, पण दुसरे दगड आमच्यापाशी नव्हते.

दूध आणि ढेप

आता दुधाकडे येते, कारण नाकारलेल्या पोत्याचा पुढचा प्रवास त्यात दिसतो.

गाईने किंवा म्हशीने बुरशी लागलेला मका, शेंगदाण्याची पेंड किंवा सरकीची ढेप खाल्ली की त्यातल्या विषाचा थोडा भाग, साधारण शेकडा एक ते तीन, रूप बदलून दुधात उतरतो. त्याला अफ्लाटॉक्सिन एम-१ म्हणतात. दुधासाठी आपल्या देशाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हजार किलो दुधात अर्धा मिलिग्रॅम. इतके सूक्ष्म प्रमाण आमच्यासारख्या साध्या प्रयोगशाळेला प्रतिपिंडांच्या चाचणीमुळेच पकडता येते.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले, म्हणजे शेकडा ५.७. दुधात पाणी मिसळले म्हणून आपण गवळ्याला बोल लावतो. हे विष मात्र गवळी मिसळत नाही, ते जनावराच्या गव्हाणीतून येते.

आता विचार करा. मोठा व्यापारी आणि कारखाना माल घेताना चाचणी करतात आणि ते योग्यच आहे. परदेशी जाणारा शेंगदाणा तर बारकाईने तपासला जातो. पण नापास झालेले पोते जाते कोठे? ते कोणी जाळत नाही. ते स्वस्तात विकले जाते. त्यातले काही आठवडी बाजारात येते आणि ज्याच्या खिशात सर्वांत कमी पैसे आहेत तो ते घेतो. काहीची पेंड होते आणि ती गाईच्या पुढे येते. म्हणजे शहरातल्या चाचणीने शहराचे ताट स्वच्छ झाले आणि तेच विष डोंगरातल्या ताटात किंवा लेकराच्या दुधात आले. आमच्या भागातल्या एका बाजारात वास येणारा, काळपट मका अर्ध्या भावाने विकला जाताना मी पाहिला आहे. विकणाऱ्याला विचारले तर म्हणाला, “कोंबड्यांसाठी आहे.” घेणाऱ्या बाईच्या घरी एकही कोंबडी नव्हती.

दुधाच्या बाबतीत मात्र एक समाधानाची बातमी आहे. जनावराला खराब ढेप घातली की साधारण एका दिवसात विष दुधात दिसते. ढेप बंद करून चांगला चारा दिला की काही दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. आमच्या दूध गोळा करणाऱ्या बचत गटातल्या बहिणींनी हे स्वतः करून पाहिले. एका म्हशीचे दूध नापास आले, त्यांनी ढेपेचे पोते बदलले आणि आठवड्याने त्याच म्हशीचे दूध पास झाले. त्या दिवशी त्यांना जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता. एकीने विचारले, “मग आईच्या दुधाचं काय?” प्रश्न खरा आहे. आईने खाल्लेले विष तिच्याही दुधात थोडे उतरते. त्याचे उत्तर दूध तोडणे हे नाही. बाळाला आईचे दूध पाजायचेच, आणि आईच्या ताटात चांगले धान्य पडेल हे आपण पाहायचे.

आता आम्ही काय करतो

आजीच्या त्या प्रश्नानंतर आम्ही ठरवले की पिशवीत पट्टी असेल तर कोठीत धान्य असलेच पाहिजे. बदली धान्य नसेल तेथे चाचणी करायला जायचे नाही. हा नियम ऐकून काही जण नाराज झाले. चाचण्यांचा आकडा त्यामुळे कमी झाला आणि अहवालात तो लहान दिसतो. पण आता प्रत्येक चाचणीमागे एक भाकर उभी आहे.

पाड्यावरच्या लोकांनी आपली धान्यकोठी सुरू केली. चांगल्या वर्षी प्रत्येक घर थोडा वाळवलेला, तपासलेला मका तिच्यात टाकते. ज्या घराचा मका नापास होतो त्याला तेथून तेवढेच धान्य मिळते आणि पुढच्या हंगामात जमेल तसे ते परत करायचे. कमी पडले तर आपल्या वर्गणीतून भर घालतो. नापास मका मोजून घेतो आणि सर्वांसमोर खड्ड्यात पुरतो. कोंबड्यांना नाही, गाईला नाही आणि बाजारात तर मुळीच नाही.

त्याहून महत्त्वाचे काम कापणीच्या वेळी होते. कणसे जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर वाळवायची. अळी लागलेली, फुटलेली, रंग गेलेली कणसे सोलण्याआधीच बाजूला करायची. निवडण्या-पाखडण्याने विष पुष्कळ कमी होते, हे आपल्या आज्यांचे शहाणपण शास्त्राने खरे ठरवले आहे. फक्त निवडलेला खराब दाणा जनावराला घालायची सवय सोडावी लागते. मका नीट वाळला का, हे पाहण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडा मका आणि चमचाभर कोरडे मीठ घालून चांगले हलवायचे. मीठ काचेला चिकटले तर मका अजून ओला आहे, पुन्हा उन्हात घालायचा. चिकटले नाही तर भरायला हरकत नाही. या चाचणीला पैसा लागत नाही आणि पोरे ती खेळासारखी करतात.

आजीच्या घरी मी पुढच्या वर्षी पुन्हा गेले. तिने ताडपत्रीवर मका वाळवला होता आणि बाटली-मिठाची परीक्षा नातवाकडून करून घेतली होती. तरी म्हणाली, “तुझी पट्टी पण लाव.” लावली. दुसरी रेषा स्पष्ट उमटली. नातवाने ती बोटाने दाखवली आणि आजी म्हणाली, “आता बस, भाकर खाऊन जा.” त्या घरची भाकर मी त्या दिवशी पहिल्यांदा निर्धास्त खाल्ली.

आपल्याकडे विनंती

आपण मंडळीतून देता त्या देणगीचा एक भाग पट्ट्यांवर खर्च होतो. एक पट्टी स्वस्त नाही, तिच्या किमतीत पाड्यावरच्या घराचे काही दिवसांचे धान्य येते. म्हणून मी आपल्याकडे आणखी पट्ट्या मागायला आले नाही. मी मागते ते ताडपत्री आणि कोठीतले धान्य. हंगामाआधी आलेली एक ताडपत्री हंगामानंतरच्या कितीतरी पट्ट्या वाचवते. सुगीच्या सणाला आपल्या मंडळीत धान्य अर्पण होते. त्यातली काही पोती कोरडी आणि निवडलेली असतील तेव्हाच आमच्याकडे पाठवा. जे आपल्या घरी शिजवणार नाही ते दानात देऊ नका. हे बोलणे कठोर वाटले तर माफ करा. पण भिजलेले धान्य “गरिबांना चालेल” म्हणून आलेले मी स्वतः उतरवून घेतले आहे आणि तपासून पुरले आहे.

आपल्या घरीही पाहा. शेंगदाणा कडू किंवा खवट लागला तर थुंकून टाका, गिळू नका. काळपट दाणे कुटात घालू नका. ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्यांनी ढेपेचे पोते घेताना तळ उघडून पाहा.

आणि प्रार्थनेत आमची आठवण ठेवा. रोजची भाकर मागायला प्रभूने आपल्याला शिकवले. ती मागताना ज्यांच्या भाकरीत काय आहे हे त्यांना दिसत नाही, त्यांचीही नावे घ्या. आमच्या सेविका डोंगर चढून जातात तेव्हा त्यांच्या एका खांद्यावर पट्ट्यांची पिशवी असते. दुसऱ्या खांद्यावर धान्य असावे, यासाठी आपण त्यांच्याबरोबर चाला.